कमळाक्कांचा तिसरा डबा

“तो डबा हातात घेतल्याशिवाय मी खाली उतरणार नाही,” कमळाक्का म्हणाल्या.

हे वाक्य त्या सासवडपासून म्हणत आल्या होत्या. सासवडात ते जरा जास्त वाटलं होतं. मनालीत चेष्टेवारी नेता आलं. पण केलाँग मागे पडलं, आधी झाडं संपली, मग गवत संपलं, आणि खिडकीतून खाली पाहिलं की आपला विम्याचा हप्ता भरलाय का हे आठवू लागलं, तेव्हा मला त्या वाक्यात अक्कांचा हट्ट कमी आणि भविष्यवाणी जास्त दिसायला लागली.

“अक्का, आणि नाहीच मिळाला तर? इथेच राहणार?”

“राहीन.”

“इथे मंडई नाही.”

“तुम्ही कापूर हुंगा आणि गप्प बसा, मनोहरराव. तुमचा डबा गेला असता म्हणजे कळलं असतं.”

मी कापराची पुडी नाकाशी धरली. विरळ हवेवर कापूर चालतो अशी आमच्याकडच्या प्रवाशांची ठाम समजूत आहे. त्याने श्वास काही सुधारत नाही, पण गाडीत आरती चालू असल्यासारखं वाटतं आणि माणूस सावरून बसतो.

कमळाक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले, कानटोपी घातलेले आणि सकाळपासून गाडीत एक शब्द न बोललेले गृहस्थ म्हणजे त्यांचे यजमान, माझे साडू, यशवंतराव ढमढेरे. माझी बायको गुडघ्यांचं निमित्त काढून पुण्यातच राहिली होती. निघताना तिने मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. अक्काला जप, आणि डब्यावरून विनोद करू नकोस. पहिली मी पाळत होतो.

त्या डब्याचा इतिहास आमच्या नात्यात लहान मुलालाही पाठ आहे. कमळाक्कांच्या लग्नात त्यांच्या मामांनी स्टीलचे पाच डबे दिले. एकात एक बसणारे. घराघरात पितळ होतं त्या काळात स्टील म्हणजे मोठाच थाट. मामा हौशी. त्यांनी पाचही डब्यांवर जावयाचं नाव घालून घेतलं, ‘यशवंत द. ढमढेरे’, आणि तेवढ्याने समाधान न होऊन झाकणांवरही घालून घेतलं. चोराला डबा चोरण्याआधी दोनदा वाचावं लागेल अशी व्यवस्था होती. तरीही मधला, तिसरा डबा गेला. तेव्हापासून चौथा डबा दुसऱ्याच्या पोटात ढिला बसतो. ढमढेऱ्यांचं घर रस्त्याला लागून. ट्रक गेला की फळीवरचे डबे खुळखुळतात आणि कमळाक्का, हातात लाटणं असो की पाहुण्याची कपबशी, म्हणतात, “लागली बघा डबेचोराला उचकी.”

हा डबेचोर म्हणजे अंगरूप. त्यालाच शोधायला आम्ही निघालो होतो.

आमचा ड्रायव्हर पलदन हा तिकडचाच, गोल चेहऱ्याचा, सदा हसरा, चाळिशीच्या आसपासचा माणूस. एका हाताने गाडी चालवायचा आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक येणाऱ्या ट्रकला सलाम करायचा. त्याने विचारलं, “साबजी, पहले आए हैं इधर?”

यशवंतराव म्हणाले, “आया हूँ. ये रोड हमने बनाया.”

पलदनने गाडी चालवता चालवता मान वळवून त्यांच्याकडे आदराने पाहिलं. मी म्हणालो, “यशवंतराव, अशी वाक्यं वळणावर बोलू नका.”

मग मागे वळून त्यांनी मला मराठीत, तुकड्या-तुकड्यांत ती हकीगत सांगितली. मी ती बऱ्याचदा ऐकली होती, पण नेहमी अक्कांच्या तोंडून, आणि त्यात नायक डबा असायचा.

लग्नाला वर्ष होत नाही तोच यशवंतरावांची या रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर म्हणून नेमणूक झाली. रस्ता तेव्हा नकाशावर सलग होता आणि जमिनीवर अधूनमधून. अक्कांनी दिवाळीचा फराळ कुणा रजेवरून परतणाऱ्या जवानाबरोबर पाठवला, तो त्या तिसऱ्या डब्यातून. हिवाळ्याच्या तोंडी कामं बंद करून लोक खाली निघाले. यशवंतराव सगळ्यांत शेवटी, खात्याच्या जीपमधून, बरोबर फक्त ड्रायव्हर. तोच अंगरूप. त्याला आई-बाप नव्हते, रस्त्याच्या कामावरच लहानाचा मोठा झालेला. खिंड उतरताना बर्फाने गाठलं. जीप रुतली. दुपारी वारा जरा पडला तसा अंगरूप म्हणाला, तुम्ही गाडीत बसा, मी खालच्या कॅम्पवरून माणसं घेऊन येतो. यशवंतरावांनी डब्यात उरलेल्या शंकरपाळ्या त्याला वाटेत खायला दिल्या, डब्यासकट. अंगरूप गेला.

आणि दिवस मावळायच्या आत वरच्या बाजूने, म्हणजे खिंडीकडून, बर्फ हटवणारं यंत्र आलं. त्या लोकांनी यशवंतरावांना उचललं आणि पलीकडे नेऊन थेट इस्पितळात टाकलं. डाव्या पायाची दोन बोटं गेली. छाती भरली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, अंगरूपचं काय झालं? खात्याचे वरचे साहेब म्हणाले, पोचला तो कॅम्पवर, काळजी करू नका. त्यानंतर लांब रजा, मग बदली, मग दुसरा मुलूख. त्यांनी खात्याला पत्रं लिहिली. खात्याने पत्रांची पोच दिली.

“हमारा एक ड्राइवर था, अंगरूप. बोलता था, नौकरी छोड़ के इस घाट के उस तरफ चाय की दुकान खोलेगा,” यशवंतराव मग पलदनला म्हणाले. “इसलिए हर तंबू में पूछ रहा हूँ.”

“अंगरूप...” पलदनने विचार केला. “नाम तो इधर बहुतों का है, साबजी. मिल जाएगा.”

“दुकान चांगलं चालत असेल,” अक्का मागून म्हणाल्या. “बिस्किटं ठेवायला डबा आयता मिळालाय.”

पण त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत नवाकोरा स्टीलचा डबा होता, बेसनाच्या लाडवांनी गच्च भरलेला. मागायला जायचं तर हात हलवत कसं जायचं, असा अक्कांचा प्रश्न होता. चोर झाला म्हणून काय झालं? या डब्यावरही नाव घालून घेतलं होतं. ‘श्री. अंगरूप’, आणि खाली ‘यांस सप्रेम भेट. सौ. कमल व यशवंत ढमढेरे, सासवड.’ नाव घालणाऱ्याने आडनाव विचारलं तेव्हा यशवंतरावांना सांगता आलं नाही. तो कारागीर नियमाचा पक्का. त्याने ‘अंगरूप’च्या पुढे बोटभर जागा कोरी सोडली आणि सांगितलं, कळलं की घेऊन या, घालून देतो.

खिंडीच्या पायथ्याशी एक चहाचा तंबू लागला. आत शेगडी, भोवती गाद्या, आणि एक म्हातारी नूडल्सची पाकिटं अशा नजरेने मोजत होती की त्यातलं एक आमच्या नावाचं आहे हे तिने ठरवलंच होतं. यशवंतराव वाकून आत शिरले आणि विचारलं, “अंगरूप नाम का कोई ड्राइवर? बूढ़ा होगा अभी. मेरे जितना.”

म्हातारीने मान हलवली. नाही.

हा कितवा तंबू होता कोण जाणे. दर वेळी ते विचारायचे, दर वेळी मान हलायची, आणि दर वेळी बाहेर येताना ते दाराशी क्षणभर थांबायचे, जणू म्हातारीला मागून एकदम आठवेल. मला तोवर वाटत होतं, बायकोच्या डब्यासाठी हा माणूस एवढ्या उंचीवर आला. त्या दाराशी पहिल्यांदा लक्षात आलं की डबा हे यांनी अक्कांना दिलेलं कारण आहे.

“मिळाला की काय करणार हो त्याला?” मी विचारलं.

“बघणार,” ते म्हणाले. “म्हातारा कसा दिसतो ते.”

पलदनने तंबूतून बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची बाटली घेतली. “ऊपर बाबा हैं,” तो म्हणाला. “आप लोग भी कुछ खाने का रखना. बाबा के यहाँ खाली हाथ नहीं जाते.”

“आणि गेलं तर?” मी हिंदीत विचारलं.

“गाड़ी बंद पड़ जाती है.”

“आमच्याकडे न जाताही पडते.”

“मनोहरराव,” अक्का म्हणाल्या, “दुसऱ्याच्या देवाची थट्टा नको. खिंड चढायचीय अजून.” आणि पिशवीवर थोपटून म्हणाल्या, “एक लाडू ठेवू त्याला. डबेचोराला एक कमी.”

मग चढ लागला. वळणावर वळण, वळणावर वळण, मघाशी ओलांडलेला ट्रक डोक्यावर दिसायचा आणि पुढचा पायाखाली. डोंगर मातीचे नव्हते, दगडांचेही नव्हते. कुणीतरी खडीच्या राशी ओतल्या आणि त्या उचलायचं विसरून गेलं, असे होते. यशवंतराव खिडकीला नाक लावून बसले होते. मध्येच म्हणत, “हा पूल आमच्या वेळी नव्हता.” मध्येच म्हणत, “इथे असेल. नाही, इथे नसेल.” रस्ता रुंद झाला होता, त्यांना जागा लागत नव्हती.

एका वळणावर पलदनने गाडी बाजूला घेतली.

दरीच्या कडेला दगडांचा चौथरा होता. वर पत्र्याचं छोटं छप्पर, भोवती दोऱ्यांवर रंगीत पताका वाऱ्याने फाटून झिरमिळ्या झालेल्या, पांढरे रेशमी पट्टे, आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांची रासच रास. एवढं पाणी पाहून मला सासवडच्या नळाची आठवण झाली. मूर्ती नव्हती. छपराखाली तारेने बांधलेलं काहीतरी ठेवलं होतं आणि वरती ट्रक रंगवणाऱ्या हाताने, पिवळ्या ऑइलपेंटने, दोन्ही बाजूंना कमळं काढून लिहिलं होतं : श्री यशवंत बाबा.

माझ्यासारख्या माणसाला असं काही आयतं मिळालं की हात शिवशिवतात.

“यशवंतराव,” मी ओरडलो, “या, या. तुमच्या देवळात आलो आपण! अहो, सांगायचंत तरी. आम्ही इतकी वर्षं तुम्हाला नुसतं साडू समजत होतो.”

यशवंतराव गाडीतून उतरून पाटीकडे पाहत राहिले. “कुणी फौजी असेल,” ते म्हणाले. “आपल्याकडचा. मराठ्यांची पलटण असते इकडे.”

“फौजी कसला? नवस बोलून टाका स्वतःलाच.”

“तुमच्या जिभेला काही हाड?” अक्का माझ्यावर खेकसल्या. “जिवंत माणसाच्या नावाची असली पाटी. काय बोलताय!” आणि गळ्यातल्या मंगळसूत्राला नकळत हात लावून त्या पुढे झाल्या. त्यांनी चपला काढल्या. त्या गारठ्यात मोजे भिजवत चौथऱ्याशी गेल्या, पिशवीतला नवा डबा उघडून एक लाडू काढला आणि तो कुठे ठेवावा म्हणून छपराखाली वाकल्या.

मी पुढचा विनोद जुळवत होतो. चांगला होता. अजून कुणाला सांगितलेला नाही.

कारण अक्का वाकल्या त्या वाकल्याच. लाडू हातात तसाच. मला वाटलं विरळ हवेने चक्कर आली. मी धावलो, म्हणजे त्या उंचीवर जितकं धावता येतं तितका चाललो, आणि त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

तारेने बांधलेला होता तो स्टीलचा डबा. पोचे पडलेला, पांढुरका झालेला, पण झाकणावरची अक्षरं बोटांनी पुसून पुसून चकचकीत ठेवलेली. यशवंत द. ढमढेरे.

“अहो,” अक्का म्हणाल्या.

हाक इतकी हळू होती की यशवंतरावांना ऐकू गेली नसावी. पण ते आले. त्यांनी झाकणावर हात ठेवला. मग हात काढून घेतला, गरम वस्तूवरून काढावा तसा.

पलदनला वाटलं, आमची भक्ती दाटून आली. त्याने बिस्किटांचा पुडा फोडला, तार सैल करून झाकण उघडलं, आत दोन बिस्किटं टाकली. डब्यात आधीच काय काय होतं. गोळ्या, शेंगदाणे, कुणीतरी ठेवलेलं मूठभर पीठ. मग तो हात जोडून, रोजच्या सवयीने, प्रवाशांना सांगतात तसं सांगू लागला.

“बहुत पुरानी बात है. यशवंत बाबा ड्राइवर थे. इधर बर्फ में गाड़ी फँस गई. साथ में उनका साहब था. साहब को गाड़ी में बिठाया और खुद पैदल नीचे गए, कैंप.”

“पहुँचा?” यशवंतरावांनी विचारलं.

“पहुँचे ना! इसी लिए तो बाबा हैं.” पलदन हसला. “पहुँच गए. शाम हो गई थी. कैंप में बस कुक था, बाकी लोग नीचे निकल गए थे. उसने चाय पिलाई. मेरे पिताजी ट्रक चलाते थे, उन्होंने उस कुक से खुद सुना है. कुक बोला, बैठ जा भाई, अब सुबह देखेंगे. बाबा ने डिब्बा आगे किया. बोले, इसमें कुछ भर दे. कुक ने सत्तू भर दिया. वो लेके वापस चढ़ गए.”

 पताकांचा फडफडाट तेवढा चालू होता.

“वापस?” यशवंतराव म्हणाले. “वापस क्यों?”

“साहब ऊपर बैठा था ना. भूखा.” पलदनने झाकण लावलं. “कुक ने बहुत रोका. बोला, पहले तू तो खा. बाबा हँस के बोले, डिब्बा खाली नहीं लौटाते. बस. इसी लिए आज तक कोई ड्राइवर ये डिब्बा खाली नहीं छोड़ता. रिवाज है इधर का.”

“मग?” हे अक्कांनी विचारलं. मराठीत. पलदनला कळलं.

“फिर क्या, मैडम. बर्फ खुली तब बाहर के मजदूर आए, उनको गाड़ी में बैठे मिले. यहीं. डिब्बा गोद में. सत्तू वैसा का वैसा, एक चुटकी नहीं खाया. नाम किसी को मालूम नहीं था, कुक भी नया था. डिब्बे पे लिखा था, वो रख लिया.”

“और वो साहब?” मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

“साहब तो था ही नहीं, जी. गाड़ी खाली थी. कहीं मर-खप गया होगा.”

यशवंतराव रस्त्याच्या कडेच्या, चुना लावलेल्या दगडावर बसले. कानटोपी काढून हातात धरली. वारा त्यांच्या टकलावरून वाहत होता आणि मला ते सांगायचंही सुचलं नाही.

“आमचे वरचे साहेब खोटं नाही बोलले,” ते म्हणाले. “पोचला म्हणाले. पोचला होता.”

अक्का त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. हातात अजून तो लाडू होता.

“तुम्ही त्याला काय सांगितलं होतं?”

“काय?”

“डबा देताना. काय सांगितलं होतंत?”

यशवंतरावांनी खाली, दरीकडे पाहिलं. ते बोलले तेव्हा मला आधी कळलंच नाही की ते आठवून सांगताहेत. आवाज एकदम तरुण माणसाचा आला.

“डबा घेत नव्हता तो. साब, कागज में बाँध दो, म्हणाला. मी म्हटलं, ने रे, पण परत आण. बायकोचा आहे, सेट मोडला तर घरात घेणार नाही मला. तो म्हणाला, लाऊँगा साब. मी म्हटलं, आणि रिकामा आणू नको हं, आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत.” ते थांबले. “गंमत केली गं. थंडीने मरत होतो दोघं, जरा हसावं म्हणून. तो हसलासुद्धा.”

“हे कधी बोलला नाहीत.”

“आठवतच नव्हतं मला. इतकी वर्षं. आत्ता त्याने सांगितलं तेव्हा आठवलं.”

   एक ट्रक खालच्या वळणावरून कण्हत वर आला. ड्रायव्हरने न थांबता हॉर्न वाजवला, खिडकीतून हात काढून कपाळाला लावला आणि ओरडला, “जय यशवंत बाबा!” ट्रकच्या हादऱ्याने चौथऱ्यावरचा डबा तारेत खुळखुळला.

अक्का दचकल्या. इतक्या दचकल्या की लाडू हातातून पडला आणि फुटला. त्यांचे ओठ हलले. सवयीचं वाक्य ओठांवर आलं होतं हे मी पाहिलं, आणि त्यांनी ते कसं गिळलं तेही पाहिलं. पदर तोंडाला लावून त्या तशाच उभ्या राहिल्या.

मग वळल्या आणि तार सोडू लागल्या.

“मैडम, मैडम!” पलदन पुढे धावला. “ये क्या कर रहे हो? बाबा का डिब्बा है!”

“मेरा है,” अक्का सासवडच्या हिंदीत म्हणाल्या. “वो मेरेको वापस देने आया था.”

“मैडम, पाप लगेगा. रोड बंद हो जाएगा.”

“अक्का,” मी मराठीत म्हणालो, “राहू द्या. इतकी वर्षं इथे आहे. त्या लोकांचा देव आहे तो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

“मनोहरराव, तो माणूस डबा घेऊन परत आला. भरून घेऊन आला. घ्यायला दारात कुणी नव्हतं. तेवढंच राहिलंय त्याचं. आता मी आले, आणि घेऊ नको म्हणता?”

त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलला. रिकामा केला नाही. बिस्किटं, गोळ्या, ते कुणाचं तरी पीठ, सगळं होतं तसं राहू दिलं, झाकण घट्ट बसवलं आणि क्षणभर कपाळाला लावला. मग पिशवीतला नवा डबा काढून त्याच जागी ठेवला, लाडवांनी भरलेला, आणि स्वतः तार आवळली. थंडीने त्यांची बोटं नीट चालत नव्हती. पलदन आधी नुसता बघत राहिला, मग पुढे झाला आणि त्याने तारेचा पीळ पक्का केला.

मग वाकून त्याने नव्या डब्यावरचं नाव वाचलं.

“अंगरूप,” तो म्हणाला. “जिसको आप ढूँढ रहे हैं? है कौन ये?”

“बाबा,” यशवंतराव दगडावरून म्हणाले. “उसका नाम अंगरूप था.”

पलदनने नव्या डब्याकडे पाहिलं, अक्कांच्या हातातल्या जुन्या डब्याकडे पाहिलं, वरच्या पिवळ्या पाटीकडे पाहिलं. हसरा चेहरा हळूहळू विझत गेला.

“तो यशवंत कौन था?”

यशवंतराव उठले. उठताना डावा पाय जपून टेकला.

“मैं,” ते म्हणाले.

पलदनचे हात सवयीने जोडले गेले. लहानपणापासून त्या नावापुढे जोडत आला होता. जोडले, आणि मग आता काय करायचं ते न कळून तसेच छातीशी धरून राहिला. दोघं एकमेकांसमोर उभे होते, आणि कुणी आधी नजर काढावी हे दोघांनाही समजत नव्हतं. शेवटी यशवंतरावांनीच पुढे होऊन त्याचे जोडलेले हात धरले आणि खाली केले. “नहीं, बेटा,” म्हणाले. “इधर नहीं. उधर.”

पलदन गाडीकडे गेला. मला वाटलं, आता हा आम्हाला इथेच सोडून निघतो. तो पेचकस घेऊन परत आला. चौथऱ्यापुढे गुडघे टेकून बसला आणि ‘अंगरूप’च्या पुढे, त्या कारागिराने आडनावासाठी सोडलेल्या बोटभर जागेत, ओठ आवळून कोरू लागला. स्टीलवर पेचकसाचा आवाज दात शिवशिवावेत असा येत होता. अक्षरं वाकडी आली. बाबा.

“बोर्ड मैं अगली बार बदल दूँगा,” तो उठत म्हणाला. “पेंट लेके आऊँगा.”

“उतरू या आता,” कमळाक्का म्हणाल्या.

खिंडीपर्यंत आम्ही गेलोच नाही. पलीकडचे तंबू विचारायचे राहिले, आता विचारण्यासारखं काही नव्हतं. पलदनने गाडी वळवली. परत येताना अक्का तो डबा मांडीवर, दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. पुढे यशवंतरावांनी एकदाच मागे वळून पाहिलं, तो मांडीवरचा डबा पाहिला आणि चटकन मान फिरवली. मीही मग खिडकीबाहेर बघू लागलो. येणाऱ्या ट्रकना पलदन सलाम करत नव्हता.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी अजून सासवडला जातो. घर तेच, रस्त्याला लागून, रस्त्यावरचे ट्रक मात्र वाढलेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा स्वयंपाकघरात पाटावर बसलो होतो आणि बाहेरून ट्रक गेला. फळीवरचे डबे खुळखुळले. अक्का चहा गाळत होत्या. गाळता गाळता हात थांबला, ट्रक लांब जाईपर्यंत थांबलेलाच राहिला, आणि मग चहा पुढे सुरू झाला.

मी फळीकडे पाहिलं. चारच डबे एकात एक होते. तिसरा शेजारी वेगळा ठेवलेला, पोचे पडलेला.

“अक्का,” मी न राहवून विचारलं, “इतक्या लांबून आणलात. मग आत का नाही बसवला?”

त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला आणि तिसऱ्या डब्याचं झाकण उघडून दाखवलं. आत सातूचं पीठ होतं, काठोकाठ.

“एकात एक बसायला डबा रिकामा असावा लागतो, मनोहरराव,” त्या म्हणाल्या.